संकेतस्थळांची यजमानसेवा व सेवाखंड

संकेतस्थळाची पाने, चित्रे व नोंदी ज्या संगणकावर साठविलेल्या असतात आणि वाचकाची मागणी येताच ज्याच्याकडून त्या पाठविल्या जातात, त्या संगणकास सर्व्हर म्हणतात. असा सर्व्हर, त्याला लागणारी अखंड वीज, थंड हवा, जाळ्याशी जोडणी व देखभाल ही सर्व साधने मोबदला घेऊन, क्वचित विनामूल्य, पुरविण्याच्या व्यवसायास यजमानसेवा ही संज्ञा देता येईल. व्यवहारात मात्र होस्टिंग हाच शब्द रूढ आहे. संकेतस्थळ अस्तित्वात असूनही वाचकाला ते उघडता येत नाही अशा कालावधीला सेवाखंड म्हणतात.

वाचकाच्या पडद्यावर पान उमटण्यासाठी अनेक दुवे एकामागून एक साधावे लागतात. प्रथम संकेतस्थळाच्या नावावरून सर्व्हरचा अंकीय पत्ता शोधला जातो; त्या पत्त्यापर्यंतचा मार्ग राउटर नावाची यंत्रे ठरवितात; सर्व्हर मागणी स्वीकारतो आणि आपल्या साठ्यातून मजकूर काढून परत पाठवितो. यांपैकी कोणताही एक दुवा निखळला, तरी वाचकाला दिसणारा परिणाम बहुधा सारखाच असतो. त्यामुळे सेवाखंडाचे कारण बाहेरून ओळखणे कठीण जाते. सेवाखंडापासून होणारी हानी दोन प्रकारची असते. एक, व्यवहार काही काळ थांबणे. दुसरी, साठविलेला मजकूर कायमचा नष्ट होणे. पहिली भरून येते, दुसरी भरून येत नाही. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचा इतिहास पाहता, बिघाड पूर्णपणे टाळणे कोणत्याही सेवादात्यास साधलेले नाही. ज्यांनी आपली नावे, प्रती व मार्ग एकाच ठिकाणी गुंतवून ठेवले नव्हते, तेच बिघाडानंतर सावरले, असे दिसून येते.

प्रारंभिक काळ : संगणकांच्या जाळ्याचा इतिहास एका सेवाखंडानेच सुरू होतो. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावरून लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठविण्याचा प्रयत्न झाला. पहिली दोन अक्षरे पोहोचताच समोरचा संगणक बंद पडला. दुरुस्तीनंतर सु. एका तासाने जोडणी पूर्ण झाली.

त्यानंतर सु. अकरा वर्षांनी, २७ ऑक्टोबर १९८० रोजी, हेच जाळे सु. चार तास ठप्प झाले. प्रत्येक केंद्रावरील दळणवळण-यंत्र आपल्या स्थितीचे क्रमांकित संदेश इतर यंत्रांना पाठवीत असे आणि नवा संदेश आल्यावर जुना टाकून दिला जाई. एका सदोष यंत्राच्या स्मृतीतील काही अंक गळाल्यामुळे एकाच संदेशाच्या तीन निरनिराळ्या क्रमांकांच्या आवृत्त्या निर्माण झाल्या. क्रमांकांची तुलना करण्याची रीत अशी होती की, या तिघांपैकी प्रत्येक आवृत्ती दुसऱ्या एकीपेक्षा नवी ठरे. परिणामी सर्व यंत्रे हेच तीन संदेश अविरत एकमेकांकडे धाडीत राहिली आणि इतर कामास त्यांना सवड उरली नाही. एखादा भाग बंद पडला तरी उरलेले जाळे चालू राहावे, अशी त्याची रचना होती. परंतु सर्व केंद्रांवर एकच आज्ञावली चालत असल्यामुळे एका ठिकाणचा दोष सर्वत्र पोहोचला. पुढील काळातील मोठ्या सेवाखंडांची पूर्वचिन्हे या घटनेत आढळतात.

नावांची व्यवस्था : सुरुवातीस जाळ्यावरील सर्व संगणकांची नावे व पत्ते एकाच यादीत असत आणि ती यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. संगणकांची संख्या वाढताच ही पद्धत अपुरी पडू लागली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीविज्ञान संस्थेतील पॉल मॉकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये डोमेन नाम व्यवस्थेचा आराखडा प्रसिद्ध केला. तीनुसार नावांची जबाबदारी अनेक सर्व्हरांत वाटली गेली. एका विभागातील नावांची माहिती किमान दोन सर्व्हरांवर असावी, असा दंडक पुढे १९८७ च्या सुधारित आराखड्यात आला. हे दोन सर्व्हर एकाच इमारतीत वा एकाच जोडणीवर न ठेवता भौगोलिक दृष्ट्या दूर असावेत, असे मार्गदर्शन जुलै १९९७ मध्ये स्वतंत्रपणे करण्यात आले.

त्याच महिन्यात या व्यवस्थेतील उणीव उघड झाली. १७ जुलै १९९७ रोजी ‘डॉट कॉम’ व ‘डॉट नेट’ या विभागांच्या नोंदी सांभाळणाऱ्या नेटवर्क सोल्युशन्स या अमेरिकन कंपनीत तयार झालेली यादी सदोष होती. तपासणी-यंत्रणेने धोक्याची सूचना दिली. परंतु तिच्याकडे दुर्लक्ष होऊन यादी पुढे पाठविली गेली. शुद्ध यादी निघेपर्यंत काही तास अगणित संकेतस्थळे सापडेनाशी झाली. त्यांचे सर्व्हर सुस्थितीत होते. फक्त पत्ता सांगणारा चुकला होता. याच वर्षी २५ एप्रिल रोजी एका लहान सेवादात्याच्या राउटरने चुकीचे मार्ग जाहीर केल्यामुळे जगातील जाळ्याच्या मोठ्या भागाची वाहतूक त्याच्याकडे वळली व तेथेच अडकली. नाव व मार्ग हे दोन्ही दुवे परस्परविश्वासावर चालतात आणि एका ठिकाणची चूक दूरवर पोहोचते, हे या दोन घटनांनी स्पष्ट केले.

यजमानसेवेचा उदय : जिनीव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. जगातील पहिले संकेतस्थळ त्यांच्या कचेरीतील नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर चालत असे. हे यंत्र सर्व्हर असून ते बंद करू नये, अशी तांबड्या शाईने लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटविलेली होती. त्या वेळी वेबची अखंडता राखण्याचा तो एक प्रत्यक्ष उपाय होता. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली आणि संकेतस्थळांची संख्या झपाट्याने वाढू लागली.

स्वतःचा सर्व्हर व कायमची जोडणी बाळगणे विद्यापीठांना व मोठ्या कंपन्यांनाच परवडत असे. ही अडचण दोन गोष्टींनी दूर झाली. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या व पुढे जिओसिटीज या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीने सामान्य माणसांना विनामूल्य पानांसाठी जागा देण्यास सुरुवात केली. दुसरी गोष्ट तांत्रिक होती. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेबच्या सुधारित नियमावलीनुसार प्रत्येक मागणीसोबत संकेतस्थळाचे नाव कळविणे सक्तीचे झाले. त्यामुळे एकाच अंकीय पत्त्यावर शेकडो संकेतस्थळे नांदविण्याची पद्धत सार्वत्रिक होऊ शकली. समाईक होस्टिंगचा स्वस्त व्यवसाय या सोयीवर उभा राहिला. त्याची दुसरी बाजूही लवकरच दिसू लागली. एका संकेतस्थळावर अकस्मात गर्दी झाली किंवा हल्ला झाला, तर त्याच यंत्रावरील इतर संकेतस्थळेही मंदावत वा बंद पडत. भाडेकरूंना शेजारी कोण आहेत, हे कळण्याचा मार्ग नसे.

व्यापारी महत्त्व : विसाव्या शतकाच्या अखेरीस संकेतस्थळ हेच दुकान झालेल्या कंपन्या उदयास आल्या आणि सेवाखंडाची किंमत पैशांत मोजली जाऊ लागली. जून १९९९ मध्ये ईबे या लिलाव-संकेतस्थळाचे कामकाज सु. २२ तास बंद पडले आणि कंपनीला विक्रेत्यांचे शुल्क माघारी द्यावे लागले. फेब्रुवारी २००० मध्ये याहू, ईबे, ॲमेझॉन, सीएनएन इ. संकेतस्थळांवर असंख्य खोट्या मागण्यांचा मारा करून ती काही तास बंद पाडण्यात आली. हे कृत्य कॅनडातील १५ वर्षांच्या एका शाळकरी मुलाचे असल्याचे तपासात निष्पन्न झाले. बिघाडाबरोबरच हेतुपुरस्सर आघाताचाही विचार करणे यजमानसेवेस यानंतर भाग पडले.

उपलब्धतेचे गणित : सेवादाते आपली विश्वसनीयता टक्केवारीत सांगतात. वर्षाचे ८,७६० तास धरले, तर ९९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षात ८७·६ तास सेवाखंड. ९९·९ टक्के म्हणजे सु. ८ तास ४६ मिनिटे. ९९·९९ टक्के म्हणजे सु. ५३ मिनिटे आणि ९९·९९९ टक्के म्हणजे केवळ ५ मिनिटांहून थोडे अधिक. प्रत्येक वाढीव नवाच्या अंकासाठी खर्च पुष्कळच वाढतो.

ही टक्केवारी वाचताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. दुवे एकापुढे एक असतील, तर त्यांच्या उपलब्धतेचा गुणाकार होतो. उदा., नामव्यवस्था, जाळे, सर्व्हर व साठा हे चारही प्रत्येकी ९९·९ टक्के उपलब्ध असले, तरी एकत्रित उपलब्धता सु. ९९·६ टक्केच भरते आणि वर्षातील सेवाखंड सु. ३५ तासांपर्यंत जातो. याउलट एकास पर्याय म्हणून दुसरा असे दोन सर्व्हर ठेवल्यास, दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याचा संभव अत्यल्प होतो. ९९·९ टक्क्यांचे असे दोन सर्व्हर मिळून, तत्त्वतः, ९९·९९९९ टक्के उपलब्धता देतात. मात्र हे गणित दोघांचे बिघाड परस्परस्वतंत्र असतील तरच खरे ठरते. दोघांची वीज, छप्पर, आज्ञावली किंवा किल्ली एकच असेल, तर दुसरा सर्व्हर नावापुरताच उरतो. पुढील घटनांत बहुधा हेच गृहीत कोसळलेले दिसते.

करारातील हमीचाही अर्थ मर्यादित असतो. ठरलेली टक्केवारी न पाळल्यास सेवादाता बहुधा त्या महिन्याच्या शुल्कात सूट देतो. ग्राहकाच्या बुडालेल्या व्यवसायाची वा हरवलेल्या नोंदींची भरपाई त्यात नसते. नियोजित देखभालीचा काळही अनेकदा सेवाखंडात धरला जात नाही.

क्लाउडचा काळ : ॲमेझॉन कंपनीने २००६ मध्ये साठा व संगणनशक्ती तासांच्या हिशेबाने भाड्याने देण्यास सुरुवात केली. क्लाउड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत ग्राहकाला विशिष्ट यंत्र न मिळता मोठ्या यंत्रसमूहातील हिस्सा मिळतो. यंत्र बिघडल्यास काम दुसरीकडे हलविता येत असल्याने सेवाखंड संपुष्टात येतील, अशी अपेक्षा होती. २१ एप्रिल २०११ रोजी व्हर्जिनिया राज्यातील तिच्या केंद्रांत जाळ्याच्या क्षमतेत वाढ करताना वाहतूक चुकून कमी क्षमतेच्या मार्गावर वळविली गेली. साठ्याच्या प्रतींचा परस्परसंपर्क तुटला. तो पुन्हा जुळताच सर्व प्रती एकाच वेळी नव्या जोडीदारांचा शोध घेऊ लागल्या व यंत्रणा गुदमरली. दुरुस्तीस काही दिवस लागले आणि बाधित केंद्रातील ०·०७ टक्के साठे सुसंगत स्थितीत परत मिळू शकले नाहीत. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी त्याच विभागात एका कर्मचाऱ्याने आज्ञा टंकित करताना केलेल्या चुकीमुळे अपेक्षेपेक्षा अधिक सर्व्हर बंद झाले आणि साठ्याची सेवा सु. चार तास थांबली. सेवेची स्थिती दर्शविणारा कंपनीचा स्वतःचा फलकही त्याच साठ्यावर विसंबून असल्याने त्यावर प्रारंभी बिघाडाची नोंद करता आली नाही.

राखीव प्रती व कायमची हानी : सेवाखंडांच्या इतिहासातील सर्वांत उद्बोधक घटना राखीव प्रतींशी निगडित आहेत. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या क्लाउडमधील नियंत्रणकक्षात हल्लेखोराने प्रवेश मिळविला. आज्ञावली-लेखकांचे काम सांभाळणे हाच या कंपनीचा व्यवसाय होता. मूळ मजकूर व बहुतेक राखीव प्रती एकाच खात्यात, एकाच किल्लीखाली होत्या; हल्लेखोराने त्या पुसून टाकल्या आणि कंपनी कायमची बंद झाली.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने रात्रीच्या दुरुस्तीत अनवधानाने मुख्य सर्व्हरवरील नोंदी पुसल्या. राखीव प्रतींच्या पाच पद्धती योजलेल्या होत्या. प्रसंगी त्यांपैकी एकही नीट चालत नसल्याचे आढळले. नियमित प्रत काढण्याचे काम काही काळ अयशस्वी होत होते. पण तशी सूचना देणारी पत्रे स्वीकारली जात नसल्याने ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. अन्य कामासाठी सहा तास आधी सहज काढून ठेवलेल्या एका प्रतीवरून बहुतेक नोंदी परत मिळविता आल्या. कंपनीने दुरुस्तीचे काम जाहीरपणे केले व कारणेही प्रसिद्ध केली. परत वाचून पाहिलेली नसेल, तर राखीव प्रत असून नसल्यासारखी असते, हा धडा या प्रसंगाने घालून दिला.

१० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या यजमान कंपनीच्या पाच मजली डेटा सेंटरला आग लागून ते संपूर्ण नष्ट झाले व शेजारच्या केंद्राचाही काही भाग जळाला. मनुष्यहानी झाली नाही. तेथे स्वयंचलित अग्निशामक यंत्रणा व संपूर्ण वीज एकदम तोडण्याची सोय नव्हती, असे अग्निशमन दलाच्या अहवालात नमूद आहे. नेटक्राफ्ट या निरीक्षक संस्थेच्या मोजणीनुसार सु. ३६ लाख संकेतस्थळे बंद पडली. ज्यांच्या प्रती अन्यत्र होत्या, त्यांचे कामकाज पुन्हा सुरू झाले. इतरांचे संचित गेले. काही ग्राहकांनी राखीव प्रतींसाठी वेगळे शुल्क भरले होते. तथापि त्या प्रती मूळ मजकुराच्याच इमारतीत होत्या. असे एक प्रकरण लील येथील वाणिज्य न्यायालयात गेले. प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवण्याचे वचन पाळले गेले नाही, असा निष्कर्ष काढून प्रथम न्यायालयाने २०२३ मध्ये कंपनीस भरपाई देण्याचा आदेश दिला.

शासकीय व्यवस्थाही यास अपवाद नाहीत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील राष्ट्रीय माहितीकेंद्रात बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असताना आग लागली. सहाशेहून अधिक शासकीय सेवा बंद झाल्या. शासकीय कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांचा ८५८ टेराबाइट एवढा साठा जळून गेला. तो फार मोठा असल्यामुळे त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. येथे साठ्याचा मोठेपणा हेच प्रत न ठेवण्याचे कारण ठरले, हे विशेष उल्लेखनीय होय.

समाईक अवलंबन : २०१० नंतर संकेतस्थळे वेगाने उघडावीत व हल्ल्यांपासून त्यांचे रक्षण व्हावे, यासाठी मध्यस्थ कंपन्यांचा वापर वाढला. यजमान वेगवेगळे असले, तरी त्यांच्यापुढील दार एकाच कंपनीचे, अशी स्थिती त्यातून निर्माण झाली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी नामव्यवस्था पुरविणाऱ्या डिन या कंपनीवर मिराई नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने हल्ला झाला. तो घराघरांतील जाळ्याशी जोडलेल्या कॅमेऱ्यांसारख्या उपकरणांमार्फत करण्यात आला होता. ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी मोठी संकेतस्थळे त्यामुळे अनेकांना सापडेनाशी झाली. ८ जून २०२१ रोजी फास्टली या वितरण-कंपनीच्या आज्ञावलीतील सुप्त दोष एका ग्राहकाने केलेल्या वैध फेरबदलामुळे जागृत झाला आणि ब्रिटिश शासनाच्या संकेतस्थळासह अनेक वृत्तपत्रांची संकेतस्थळे सु. एक तास बंद राहिली.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक कंपनीने देखभालीसाठी दिलेल्या एका आज्ञेने तिच्या केंद्रांना जोडणारे जाळे तुटले. त्याबरोबर तिच्या नाम-सर्व्हरांकडे नेणारे मार्गही मागे घेतले गेले. फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम सु. सहा तास बंद राहिले. दुरुस्तीची अंतर्गत साधने त्याच जाळ्यावर असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांत जावे लागले. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातील केंद्रांत दोन स्वयंचलित प्रक्रियांच्या परस्परविरोधामुळे एका महत्त्वाच्या सेवेची नामनोंद रिकामी झाली. त्याचे पडसाद जगभर उमटले. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअर या मध्यस्थ कंपनीत एक अंतर्गत फाइल मर्यादेबाहेर वाढल्यामुळे तिच्यावर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे काही तास उघडेनाशी झाली. प्रारंभी तो बाहेरचा हल्ला असावा, असा कंपनीचाच समज झाला होता. १९८० सालच्या आर्पानेटमध्ये सर्वत्र चालणारी एकच आज्ञावली जशी अपायकारक ठरली, तशीच येथे सर्वत्र वापरली जाणारी एकच सेवा ठरली.

भारतातील स्थिती : विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. मायबोलीसारखी मराठी संकेतस्थळे १९९६ पासून दिसू लागली. त्या काळी भारतीय वाचकांसाठीची अनेक संकेतस्थळे अमेरिकेतील सर्व्हरांवर असत आणि त्यांचा मार्ग समुद्राखालील केबलींवर अवलंबून असे. ३० जानेवारी २००८ रोजी ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन प्रमुख केबली तुटल्या, तेव्हा भारताच्या पश्चिमेकडील दळणवळणाचा मोठा भाग मंदावला. सर्व्हर व वाचक दोन्ही ठीक असता मधला समुद्र आड आला.

पुढे सर्व्हर भारतात ठेवण्याकडे कल वाढला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, चेन्नई व मुंबई येथे, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई येथे आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या डेटा सेंटरांपैकी एक पुण्यात आहे. समुद्री केबली मुंबईच्या किनाऱ्यास लागत असल्याने मुंबई व नवी मुंबई हा परिसर देशातील डेटा सेंटरांचे सर्वांत मोठे ठाणे बनला. या एकत्रीकरणातही धोका आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडून शहराचे व्यवहार कोलमडले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे व नवी मुंबई या तिन्ही ठिकाणची वीज एकाच बिघाडाने गेली. डेटा सेंटरांत अशा प्रसंगासाठी बॅटऱ्या व डीझेल जनित्रे असतात. तथापि मुंबईतील मजकुराची प्रत नवी मुंबईत ठेवल्याने ती खऱ्या अर्थाने वेगळी होत नाही, हे या घटनांवरून उघड होते. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतातील सेवादात्यांनी ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत केंद्रीय यंत्रणेस कळविणे व आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपणे आवश्यक झाले.

यजमानाची निवड : वरील इतिहासावरून निवडीचे काही निकष निघतात. पहिला निकष वेगळेपणाचा. डोमेन नावाची नोंदणी संस्थेच्या वा मालकाच्या स्वतःच्या नावे व शक्यतो यजमानाहून वेगळ्या कंपनीकडे असावी. नाव हाती असेल, तर यजमान बदलता येतो. नाव यजमानाच्या वा संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या कारागिराच्या नावे असेल, तर प्रत जवळ असूनही जुन्या पत्त्यावर परतता येत नाही. दुसरा निकष प्रतींचा. मजकुराच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी, हा सर्वमान्य नियम लहान संस्थेलाही पाळता येतो. अन्य ठिकाणची प्रत वेगळ्या शहरात, वेगळ्या खात्यात व वेगळ्या किल्लीखाली असावी आणि ठरावीक काळाने ती परत उतरवून तपासावी.

तिसरा निकष यजमानाच्या वर्तनाचा. मागील सेवाखंडांची कारणे तो उघड करतो किंवा नाही, स्थितिदर्शक फलक त्याच्या यंत्रणेबाहेर ठेवतो किंवा नाही, संकटकाळी माणसाशी बोलता येते किंवा नाही आणि मजकूर उचलून नेण्यास मोकळीक देतो किंवा नाही, या गोष्टी टक्केवारीच्या हमीपेक्षा अधिक बोलक्या असतात. सेवाखंड कधीच झाला नाही असे सांगणाऱ्यापेक्षा, झालेला सेवाखंड समजावून सांगणारा अधिक भरवशाचा मानावा. चौथा निकष गरजेचा. ग्रंथालयाच्या वा लहान दुकानाच्या संकेतस्थळास वर्षात काही तासांचा खंड सोसवतो. रुग्णालयाच्या नोंदींना वा परीक्षेच्या निकालांना तो सोसवत नाही. पहिल्याने वाढीव नवांसाठी पैसे खर्चण्याऐवजी चांगली प्रत ठेवावी, हे श्रेयस्कर. दुसऱ्याला मात्र दूरच्या शहरात दुसरा सर्व्हर सज्ज ठेवण्याखेरीज गत्यंतर नसते. सेवाखंड प्रथम वाचकाकडून कळू नये, यासाठी बाहेरून सतत पाहणी करणारी एखादी स्वतंत्र सेवा योजणेही इष्ट ठरते.

जतन : यजमानाने व्यवसाय आवरणे हा सेवाखंडाचा अंतिम प्रकार होय. याहू कंपनीने १९९९ मध्ये विकत घेतलेली जिओसिटीज २६ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेत बंद करण्यात आली. सामान्य माणसांनी पंधरा वर्षांत लिहिलेली असंख्य वैयक्तिक पाने त्याबरोबर मूळ ठिकाणाहून नाहीशी झाली. स्वयंसेवकांनी व इंटरनेट अर्काइव्हने अखेरच्या महिन्यांत उतरवून घेतलेला भाग तेवढा वाचला. २०१९ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळाने, सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळातील संगीतादी साहित्य नष्ट झाल्याचे कबूल केले. १९९६ मध्ये स्थापन झालेली इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था वेबवरील पानांच्या प्रती जपते. परंतु ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्यावरही हल्ला होऊन तिची सेवा काही दिवस खंडित झाली होती. त्यामुळे कोणत्याही एका संग्राहकावर सर्व भार टाकणे योग्य ठरत नाही. पूर्वी पोथ्या टिकल्या त्या अनेक गावी, अनेक हातांनी नकला होत राहिल्यामुळे. एखाद्या मठातील दप्तर जळाले, तरी दुसरीकडची नक्कल उरे. संकेतस्थळांच्या बाबतीतही यजमान भरवशाचा निवडणे आवश्यक आहे; पण मजकुराची एक पूर्ण प्रत लेखकाच्या वा संस्थेच्या स्वतःच्या ताब्यात असणे, हे त्याहून अधिक आवश्यक आहे.